दुधाच्या पिशवीच्या जोडाची परीक्षा
पहाटे दाराशी येऊन पडणारी दुधाची पिशवी वाटेतले हादरे व क्रेटमधील दाब सोसूनही अभंग राहते, याचे श्रेय पॉलिथिनच्या पापुद्र्याइतकेच उष्णतेने सांधलेल्या जोडालाही द्यावयास हवे. या जोडासकट १५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून ती ताणयंत्राच्या चिमट्यांत तुटेपर्यंत ओढतात. परंतु दप्तरी नोंदल्या जाणाऱ्या आकड्याहून मला तुटण्याचा प्रकारच अधिक बोलका वाटतो. जोड सहज सोलून निघाला, तर सांधणाऱ्या जबड्यांची उष्णता बहुधा अपुरी पडली; अगदी कडेशीच फाटला, तर अतिरिक्त उष्णतेने पापुद्रा तेथे विरळ झाला असावा. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये वेष्टनांच्या अशा परीक्षणांची प्रयोगशाळा आहे. भरलेल्या पिशव्या ठराविक उंचीवरून टाकूनही पाहतात, कारण आपटताना आतले दूधच जोडावर आघात करते.