हिशोबाची वही दाखवत नसतील तर काय करावे?



आपण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांपैकी अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात. हिशोब मुकादमाच्या वहीत राहतो, मजुराच्या हाती कागद नसतो.

समजा, उचल फिटली नाही म्हणून एका जोडप्यावर चाकूरच्या दिवाणी न्यायालयात दावा झाला. दाव्यात वहीचा उल्लेख आहे, पण वही कोणी दाखवत नाही. तारखांवर तारखा पडतात. प्रत्येक तारखेला दोघांची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते. अशा वेळी गप्प बसू नये. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ११ याच कामासाठी आहे.

१. नोटीस द्या. दाव्यात उल्लेखलेला कागद पाहण्यासाठी वकिलामार्फत लेखी नोटीस देता येते. समोरच्याने १० दिवसांत उत्तर देऊन कागद केव्हा आणि कुठे दाखवणार ते कळवायचे असते. योग्य कारणाशिवाय कागद दाखवला नाही, तर पुढे तोच कागद त्याला आपल्या बाजूने पुराव्यात सहसा वापरता येत नाही.

२. प्रश्न विचारा. उचल किती दिली, मजुरीतून किती कापली, असे लेखी प्रश्न न्यायालयाच्या परवानगीने विचारता येतात. त्यांची उत्तरे १० दिवसांत किंवा न्यायालयाने दिलेल्या मुदतीत शपथपत्रावर द्यावी लागतात.

३. मुदत टळली की अर्ज करा. नुसती तोंडी तक्रार पुरत नाही. वही दाखवण्याचा किंवा उत्तरे देण्याचा हुकूम मिळावा, असा अर्ज वकिलामार्फत द्यावा.

४. हुकूमही मोडला तर? वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. प्रतिवादीने हुकूम मोडला, तर त्याचा बचाव रद्द होऊ शकतो. मात्र ही टोकाची शिक्षा आहे. हुकूम जाणूनबुजून मोडला असेल तरच ती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बब्बर सुइंग मशीन कंपनीच्या खटल्यात सांगितले. म्हणून नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि रोजनाम्याची नक्कल जपून ठेवावी. टाळाटाळ मुद्दाम चालली आहे, हे याच कागदांवरून दिसते.

हाच नियम आपल्या माणसांनाही लागू आहे. त्यांना आलेल्या नोटिशीचे उत्तर वेळेत गेले पाहिजे.

वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जातीचा दाखला आणि समन्स घेऊन न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा.

मंडळीतील लिहिता-वाचता येणाऱ्या सभासदांनी एवढे तरी करावे: नोटीस वाचून दाखवावी, दिवस मोजावेत आणि अकराव्या दिवशी वकिलाकडे सोबत जावे.