पाच ताऱ्यांची गाडी आणि मागच्या सीटचा पट्टा

4 सप्टेंबर 2022. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर भरधाव मोटार कठड्यावर आदळली. मागे बसलेले टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

गाडी प्रवाशांना कितपत वाचवते, हे धडक चाचणीत कळते. 'भारत एनकॅप' ही आपली चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. तीत गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. पुढच्या रुंदीचा 40 टक्के भागच धडकतो. गाडीच्या पुढच्या भागाने चुरगळून ऊर्जा शोषायची, प्रवाशांचा कप्पा मात्र शाबूत राहायला हवा. आतल्या डमींच्या, म्हणजे माणसासारख्या पुतळ्यांच्या, डोक्याला आणि छातीला बसलेला मार सेन्सर नोंदवतात आणि त्यावरून गाडीला तारे मिळतात.

2014 मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेल तपासली. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले! 2018 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनने याच संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळवले.

पण हे तारे ताशी 64 किलोमीटरच्या धडकेचे आहेत. वेग 90 झाला की धडकेची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. शिवाय चाचणीतल्या डमींना पट्टा बांधलेला असतो.

म्हणून करजगीसारख्या गावाहून गाणगापूरला किंवा अक्कलकोटला निघताना मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावा. लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, चाइल्ड सीटमध्येच बसवा.