रिकामी ताटली कशासाठी?

औपचारिक पाश्चात्त्य मेजवानीत पाहुण्यासमोर आधीच एक मोठी, नक्षीदार ताटली मांडलेली असते. तिला ‘चार्जर’ म्हणतात. व्यास साधारण 30 ते 33 सेंटीमीटर, म्हणजे जेवणाच्या प्लेटपेक्षा बोटभर मोठा. तिच्यात थेट काही वाढत नाहीत. मग हा निव्वळ बडेजावच की! तसे मला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात सगळे पदार्थ एकदम मांडण्याऐवजी एकामागून एक वाढण्याची रशियन पद्धत रुळली. त्यामुळे दोन पदार्थांच्या मधे पाहुण्यासमोरची जागा ओकीबोकी दिसू लागली. चार्जर ती जागा धरून ठेवतो. सूपचा वाडगा त्याच्यावर येतो, ओघळलेला थेंब टेबलक्लॉथऐवजी काठावर पडतो. मुख्य पदार्थ आला, की बहुतेक ठिकाणी चार्जर उचलतात.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. रेगन दांपत्याच्या काळात व्हाइट हाउससाठी लेनॉक्स कंपनीचा लाल-सोनेरी किनारीचा 4,370 नगांचा संच आला. पैसा खासगी देणगीचा असूनही टीका झालीच. पण राजवाडी चिनीमातीच हवी असे कुठे आहे? साधा काचेचा चार्जरही तेच काम करतो. टेबल अरुंद असेल किंवा सगळे पदार्थ एकदम वाढायचे असतील, तर खुशाल वगळावा. तिथे तो नुसती अडगळ.