रक्त कमी, आणि भाकरीसोबत चहा

कपाशीची वेचणी सुरू झाली की माझ्या दवाखान्यात एकाच तक्रारीच्या बाया वाढतात. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातील अशीच एक बाई मागे आली. वय चाळिशीच्या आतले. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पाय गळून रायले, ओझं उचललं की छाती धडधडते. मले एखादी ताकदीची सुई देऊन द्या." डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन 6.8 ग्रॅम. बाईच्या रक्तात ते निदान 12 हवे, गरोदरपणी निदान 11.

मी सुई दिली नाही, जेवण काय असते ते विचारले. सकाळी रात्रीची भाकर चहात बुडवून. दुपारी शेतात भाकर आणि ठेचा, त्यावर मालकाकडचा चहा. रात्री सर्वांची पाने झाल्यावर भाकर आणि उरलेले पातळ वरण. म्हणजे बाई उपाशी नव्हती. पोट भरत होते आणि रक्त आटत होते.

ही एकटीची गोष्ट नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. अनेक घरांत त्यावर उपाय म्हणून बीट आणि डाळिंब आणतात. रंग लाल, म्हणून रक्त वाढणार, असा हिशोब! प्रत्यक्षात या दोहोंत लोह अगदी थोडे. महागडे डाळिंब आणण्याआधी आपल्याच ताटाकडे पाहावे.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 4 मिलिग्रॅम लोह असते, तुरीच्या डाळीतही जवळपास तितकेच. तीळ, हाळीव, चवळाई, अंबाडी हेही लोहाचे चांगले पदार्थ. स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली सांगितले. आकडा मोठा वाटतो, कारण धान्य-डाळीतील लोह आतडी सहजासहजी घेत नाहीत. शंभर भागांतले पाच-दहा भागच रक्तात पोहोचतात. त्यातच जेवणासोबत चहा घेतला की चहातील तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवते आणि ते पाच-दहा भागही निम्म्याहून कमी होतात. कॉफीचेही तसेच. चहात दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही.

चहा सोडा असे मी कोणाला सांगत नाही. वऱ्हाडात तसे सांगणारा डॉक्टर रिकामाच बसेल. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक-दीड तास चहा घेऊ नये, एवढेच पाळावे. पहाटे उठल्याबरोबर चहा घ्या आणि भाकर नंतर सावकाश खा.

चहाच्या उलट काम लिंबू करते. त्यातील क जीवनसत्त्वामुळे त्याच भाकरीतील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. मात्र उकळत्या वरणात लिंबू पिळू नये, उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. ताटात वाढल्यावर अर्धे लिंबू पिळावे. पेरू तर लिंबाहूनही सरस, आणि आवळ्याचे काय सांगावे! वरूड-मोर्शीची संत्री आपण ट्रकाने बाहेरगावी पाठवतो. त्यातले एखादे घरच्या बाईच्या ताटाशी ठेवायला काय हरकत आहे?

अंबाडीबद्दल थोडे. आंबटपणा जावा म्हणून भाजी उकडून पाणी पिळून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या पाण्यासोबत बरेच काही जाते. सगळे पाणी न टाकता तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या त्यातच शिजवाव्यात, म्हणजे आंबटपणाही बेताचा होतो. हीच भाजी लोखंडी कढईत केली तर कढईचेही थोडे लोह तिच्यात उतरते. मटकी-मूग मोड आणून खावेत, त्यातील लोह शरीराला सोपे जाते. जे मांसाहार करतात त्यांना कलेजीसारखा लोहाचा पदार्थ नाही, पण आमच्याकडे कलेजी आधी पुरुषांच्या ताटात जाते.

इतरांना हे सांगताना मला थोडी लाजही वाटते. माझी स्वतःची मुलगी कॉलेजात असताना तिचे हिमोग्लोबिन 9 निघाले होते. डॉक्टरच्या घरात रोज सकाळी पोह्यांसोबत मोठा कप चहा, आणि पोह्यांवरचे लिंबू मी एकटाच पिळून घेत असे.

एकदा रक्त फार उतरले की नुसत्या आहाराने ते भरून येत नाही, गोळी लागतेच. सरकारी दवाखान्यात लोहाची गोळी मोफत मिळते. ती लिंबूपाण्यासोबत घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. शौचास काळे होते त्याला घाबरू नये. मळमळ झाली तर जेवणानंतर घ्यावी, पण सोडू नये. रक्त भरल्यावरही गोळी तीन महिने चालू ठेवायची असते. बहुतेक जणी तिथेच चुकतात.

महिनाभर गोळी नीट घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमसुद्धा वाढले नाही, तर कारण वेगळे असू शकते. पाळीत अंगावरून फार जाणे, अनवाणी चालण्याने होणारे आकडीकृमी, मूळव्याध. आपल्या विदर्भात आणखी एक कारण आहे, सिकलसेल. हा आजार आई-वडिलांकडून येतो. त्यात लोह कमी नसतानाही रक्त कमी असते, म्हणून तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या खात राहणे बरे नव्हे. त्याची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. लग्न ठरवण्याआधी मुला-मुलीने ती करून घ्यावी.

मूर्तिजापूरकडच्या त्या बाईच्याही सर्व तपासण्या केल्या. सिकलसेल नव्हता, पाळी मात्र आठ-आठ दिवस चालत होती, त्यावर उपचार सुरू केले. दोन महिन्यांनी आली तेव्हा हिमोग्लोबिन 9.4 होते. चहाचे विचारले तर म्हणाली, "दुपारचा चहा वेचणी सुटल्यावर घेतो आता. मालक म्हणते, हे काय नवीन?"