मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यातील दाब

इंद्रवेल्ली व परिसरातील अनेक ज्येष्ठ भाविकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील, आता निर्मल जिल्ह्यात असलेल्या मुधोळ येथे १९९६ साली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे ग्रामीण केंद्र सुरू झाले. पुढे तेलंगणा शासनाच्या ‘कंटि वेलुगु’ योजनेत २०१८ व २०२३ साली गावोगावी नेत्रतपासणी झाली. मात्र शस्त्रक्रियेनंतर दिसू लागले की पुढील तपासणीस जाणे अनेकांकडून राहून जाते. ती तपासणी का आवश्यक आहे, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

डोळ्यातील दाब म्हणजे काय?

डोळ्याच्या आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेजवळील सूक्ष्म जाळीतून त्याचा निचरा होतो. या दोहोंच्या समतोलावर डोळ्यातील दाब अवलंबून असतो. सामान्यतः तो १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. रक्तदाब निराळा, तो ठीक असला म्हणून डोळ्यातील दाबही ठीक आहे, असे समजू नये.

पहिला दिवस

शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात जेलसारखा पदार्थ घालतात व शेवटी काढून टाकतात. त्याचा अंश मागे राहिल्यास निचरा मंदावतो व काही तासांतच दाब वाढतो. बहुधा एक-दोन दिवसांत तो आपोआप उतरतो. परंतु ज्यांना आधीपासून काचबिंदू आहे, त्यांच्या दृष्टीच्या शिरेस तेवढ्यानेही इजा होऊ शकते.

पुढील काही आठवडे

सूज कमी होण्यासाठी दिलेल्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. काही व्यक्तींमध्ये ते दोन-तीन आठवड्यांनंतर दाब वाढवते. त्या वेळी डोळा दुखत नाही, लालही होत नाही. म्हणून मोजल्याशिवाय काही कळत नाही. हे थेंब डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस घालावेत. उरलेली बाटली पुढे वापरू नये, दुसऱ्यासही देऊ नये.

त्यानंतर

डोळ्यातील नैसर्गिक भिंग चार-पाच मिलिमीटर जाड असते. बसविलेले कृत्रिम भिंग त्याहून पुष्कळ पातळ असते. त्यामुळे आत जागा होते व निचऱ्याची वाट मोकळी होते. अनेकांचा दाब शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा किंचित कमी होतो, हा लाभच आहे. तरीही काचबिंदूचे थेंब आपल्या मनाने बंद करू नयेत. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही.

भाविकांनी घ्यावयाची काळजी

डोके खाली गेले की डोळ्यातील दाब वाढतो. शीर्षासनात तो सुमारे दुप्पट होतो. म्हणून डॉक्टर अनुमती देईपर्यंत साष्टांग नमस्कार न घालता उभ्यानेच हात जोडावेत. केसलापूरच्या नागोबा जत्रेसारख्या गर्दीत व धुळीत जाण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे. डोळा तीव्र दुखणे, लाल होणे, मळमळणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे किंवा दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.

डॉक्टरांनी दिलेल्या तपासणीच्या तारखा घरातील तरुणांनी लिहून ठेवाव्यात आणि ज्येष्ठांना सोबत घेऊन जावे, ही सर्वांना नम्र विनंती.