क्लिम्टच्या चित्रांतील सोन्याची पार्श्वभूमी

ऑस्ट्रियन चित्रकार गुस्टाव्ह क्लिम्ट (१८६२–१९१८) याच्या चित्रांतील सोन्याचा विषय निघाला की त्याच्या वडिलांचा व्यवसाय सांगण्याची प्रथा पडली आहे. वडील सोन्यावर नक्षी कोरणारे कारागीर होते हे खरे. परंतु तेवढ्याने चित्रांचा उलगडा होत नाही. पस्तिशी उलटेपर्यंत क्लिम्टने सोन्याचा आश्रय क्वचितच घेतला. व्हिएन्नाच्या उपयोजित कलेच्या विद्यालयातून बाहेर पडल्यावर आपला भाऊ अर्न्स्ट व सहाध्यायी फ्रान्झ मात्श यांच्यासह तो नाट्यगृहांची छते रंगवीत असे. या चित्रांतील यथार्थदर्शन निर्दोष आहे. प्रत्येक मनुष्याकृतीस उभे राहावयास भुई आहे, मागे भिंत आहे आणि प्रकाश कोठून येतो हेही स्पष्ट आहे.

ही भुई प्रथम सुटली ती व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहासाठी काढलेल्या चित्रांत. १८९४ मध्ये हे काम क्लिम्ट व मात्श यांच्याकडे आले. त्यांपैकी तत्त्वज्ञान, वैद्यक व न्याय हे विषय क्लिम्टच्या वाट्याचे होते. १९०० मध्ये ‘तत्त्वज्ञान’ प्रदर्शित होताच सत्त्याऐंशी प्राध्यापकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात याच चित्रास सुवर्णपदक मिळाले, हा योगायोग मोठा बोलका आहे. ज्ञानाचा विजय पाहू इच्छिणाऱ्यांना तेथे दिसली ती अथांग पोकळीत निराधार तरंगणारी नग्न शरीरे. अखेर १९०५ मध्ये घेतलेली रक्कम परत करून क्लिम्टने चित्रे स्वतःकडे घेतली. यानंतर तो मुख्यतः धनिक आश्रयदात्यांसाठी चित्रे काढू लागला.

सोन्याची पार्श्वभूमी या पोकळीशेजारी ठेवूनच पाहिली पाहिजे. मनुष्याकृतीमागील खोली एकदा अविश्वसनीय वाटू लागली, म्हणजे ती आकृती ठेवावी कोठे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. पोकळीत शरीर वाहून जाते. सोने त्यास धरून ठेवते. १९०१ च्या ‘जूडिथ’मध्ये हे स्पष्ट होते. तिच्या गळ्यातील रुंद कंठभूषण पार्श्वभूमीच्याच सोन्याचे असल्याने मस्तक धडापासून तुटल्यासारखे भासते. आणि शिरच्छेद तर तिने दुसऱ्याचा केला आहे!

१९०३ मध्ये क्लिम्टने राव्हेन्ना येथील बायझन्टाईन कुट्टिमचित्रे पाहिली. त्यांचा प्रभाव निर्विवाद आहे, तथापि साम्य वाटते तितके खोल नाही. राव्हेन्नात सोने व आकृती दोन्ही सपाट असल्याने त्यांच्यात विरोध नाही; शिवाय ते सोने स्वर्गीय प्रकाशाचे आहे. क्लिम्टकडे चेहरा, खांदे व हात तेवढे छायाप्रकाशाने घडविलेले, आणि भोवतीचे सर्व सपाट. १९०७ मधील आडेल ब्लॉख-बाउअर हिच्या व्यक्तिचित्रात खुर्ची, वस्त्र व भिंत सोन्यात इतकी मिसळली आहेत की बाई बसली आहे की उभी, हे चटकन उमगत नाही. खाली डावीकडचा लहानसा हिरवा पट्टा एवढीच काय ती जमिनीची आठवण. एकमेकांत गुंतविलेल्या तिच्या हातांतील ताण पाहता हे सोने तिला वैभव देण्यापेक्षा वेढून टाकते, असेच म्हणावे लागते. १९०८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘चुंबन’ या चित्रात तर फुलांची हिरवळ मध्येच संपते. स्त्रीची पावले तिच्या कडेवर टेकलेली आहेत व पलीकडे केवळ सोने. प्रेमिकांचे निवांतपण या चित्रात पाहणाऱ्यांचे त्या कडेकडे सहसा लक्ष जात नाही.

१९०९ नंतर सोने मागे पडले. १९१२ मध्ये त्याच आडेलचे दुसरे चित्र त्याने काढले. त्यात सोन्याऐवजी रंगांचे सपाट पट्टे व पौर्वात्य आकृती आहेत. साधन बदलले, खोली मात्र परत आली नाही.

विद्यापीठाची तिन्ही चित्रे मे १९४५ मध्ये इमेनडोर्फ येथील वाड्यास लागलेल्या आगीत नष्ट झाली. आज ती मुख्यतः काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांवरूनच अभ्यासावी लागतात. त्यामुळे संग्रहालयांतील सोने सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे, आणि त्यापूर्वीची पोकळी मात्र रंगांवाचून उरली आहे.