जुना संगणक आणि घरचें कुलूप

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतून एक प्रसंग वारंवार घडूं लागला आहे. घरांत नवें इंटरनेट येतें, भिंतीवर नवा राउटर बसतो, आणि अर्ध्या तासांत लहानथोर सर्वांचे मोबाइल त्याला जोडले जातात. मग पाळी येते ती माडीवरच्या जुन्या संगणकाची. त्यांत आजोबांनीं जमविलेलीं कुलवृत्तांताचीं टिपणें असतात, जुन्या मराठी फाँटांत टंकलेले लेख असतात, वडिलांचे हिशेब असतात. पासवर्ड पुन्हां पुन्हां घातला तरी तो कांहीं जोडला जात नाहीं. मग कोणी म्हणतें, आजोबा पासवर्ड चुकीचा टाकतात. कोणी म्हणतें, हें धूड आतां भंगारांत द्यावें. आणि एखादा हुशार तरुण सुचवितो, ‘राउटरची सुरक्षा काढून टाका, म्हणजे लगेच लागेल.’

यांतील पहिलें अनुमान बहुधा खोटें असतें, दुसरें घाईचें असतें, आणि तिसरी सूचना तर सर्व घराला अपायकारक आहे. एका जुन्या यंत्राच्या सोयीसाठीं सगळ्या घराचें कुलूप सैल करूं नये, आणि तें केल्यावांचूनहि त्या यंत्राची सोय लावतां येते, हें या लेखांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम हें कुलूप काय आहे तें पाहूं. वायरनें जोडलेल्या यंत्रांचें बोलणें वायरींतच राहतें. वाय-फायचें बोलणें रेडिओच्या लहरींवर चालतें, आणि त्या लहरी भिंतीपाशीं थांबत नाहींत. शेजारच्या ब्लॉकांत, जिन्यांत, रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारींतहि त्या पोंचतात. म्हणून हें बोलणें गुप्त लिपींत करावें लागतें, आणि त्या लिपीची किल्ली म्हणजेच आपला पासवर्ड होय.

१९९७ सालीं बिनतारी जाळ्यांचे पहिले प्रमाणनियम सिद्ध झाले. त्यांत डब्ल्यूईपी नांवाचें पहिलें कुलूप होतें. पण त्याची घडणच सदोष होती. प्रत्येक संदेशाच्या वेळीं किल्लीला एक बदलता आंकडा जोडीत. परंतु असे आंकडे एकंदर १,६७,७७,२१६ च असल्यामुळें वर्दळीच्या जाळ्यांत ते कांहीं तासांतच पुन्हां येऊं लागत. २००१ सालीं फ्ल्यूरर, मॅन्टिन व शमीर या तिघां संशोधकांनीं, नुसते संदेश ऐकत राहून मूळ किल्ली काढतां येते, असें दाखवून दिलें. २००७ सालीं जर्मनींतील डार्मस्टाट येथील संशोधकांनीं तेंच काम एका मिनिटाच्या आंत करून दाखविलें. मधल्या काळांत नवीं कुलुपें निघालीं होतीं. २००३ सालीं डब्ल्यूपीए आलें. जुन्या यंत्रांनाहि पेलावें म्हणून केलेली ती तात्पुरती डागडुजी होती. २००४ सालीं डब्ल्यूपीए-२ आलें. त्यांत एईएस ही भक्कम गुप्तलेखनपद्धति योजिली होती. मार्च २००६ पासून प्रमाणपत्र घेणाऱ्या प्रत्येक नव्या वाय-फाय यंत्रांत तें असणें सक्तीचें झालें. त्यापुढचें डब्ल्यूपीए-३ हें २०१८ सालचें.

जुन्या संगणकाचें दुखणें आतां ध्यानांत येईल. विंडोज एक्सपी २००१ सालीं बाजारांत आली, म्हणजे डब्ल्यूपीए-२ च्या तीन वर्षें आधीं. तिला हें कुलूप शिकविणारी पुरवणी २००५ सालीं निघाली, आणि २००८ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ती आयतीच मिळूं लागली. ही पुरवणी ज्या यंत्रांत नाहीं, त्यांत पासवर्ड अगदीं बिनचूक घातला तरी उपयोग नाहीं. शिवाय आंतलें वाय-फाय कार्डहि तितकें समर्थ असावें लागतें. उदाहरणार्थ, ॲपल कंपनीचें १९९९ सालचें मूळ एअरपोर्ट कार्ड डब्ल्यूपीएपर्यंत कसेंबसें येतें. डब्ल्यूपीए-२ त्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. सारांश, दोष टंकणाऱ्याच्या बोटांचा नसून दोन पिढ्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळत नाहीं, हा आहे.

अडचण आली असतां पुढील क्रमानें शोध करावा. आधीं पाहावें कीं आपल्या जाळ्याचें नांव संगणकाच्या यादींत दिसतें कीं नाहीं. दिसत नसेल, तर कुलपापर्यंत गोष्ट पोंचलेलीच नाहीं. बहुतेक जुनीं कार्डें २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच ऐकतात. ५ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा त्यांना ऐकूंच येत नाहीं. राउटरच्या मांडणींत २.४ चा पट्टा चालू करून त्याला वेगळें नांव द्यावें. अमेरिकेंतून नातलगांनीं आणलेल्या जुन्या लॅपटॉपची अडचण आणखी निराळी असते. तिकडील कार्डें बहुधा १ ते ११ एवढेच चॅनेल ऐकतात. आपल्याकडील राउटर १२ किंवा १३ वर असला, तर त्यांना त्याचा पत्ताच लागत नाहीं. अशा वेळीं राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीं एक करावा.

नांव दिसतें, पण जोडणी होत नाहीं, असें असेल तर मात्र कुलपाचा प्रकार पाहावा. राउटरवर डब्ल्यूपीए-३ असेल, किंवा २ व ३ यांचें मिश्रण असेल, तर कित्येक जुनीं कार्डें गोंधळतात. तेथें ‘डब्ल्यूपीए-२, एईएस’ ही निवड करावी. एवढी एक पायरी उतरण्यास आमची हरकत नाहीं. पासवर्ड लांब व सहज न सुचणारा असला म्हणजे हें कुलूप आजहि घरगुती उपयोगाला पुरेसें आहे. याहून खालीं मात्र उतरूं नये.

इतकें झाल्यावरच पासवर्डाकडे वळावें. तो ८ ते ६३ अक्षरांचा असतो, आणि त्यांत लहान व मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद मानला जातो. जुन्या यंत्रावर टाकलेलीं अक्षरें झांकलेलीं दिसतात. तेव्हां तो आधीं नोटपॅडमध्यें टंकून पाहावा, म्हणजे कळफलक मराठीवर राहिला असल्यास तेंहि लक्षांत येतें.

कुलूप सैल केल्यानें बिघडतें काय, असें कोणी विचारील. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले. त्यापूर्वीं कांहीं मिनिटें वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढतां तो नवी मुंबईंतील एका गृहस्थाच्या घरच्या, सुरक्षित न केलेल्या वाय-फायपर्यंत पोंचला. त्या गृहस्थाचा कटाशीं कांहीं संबंध नव्हता. तरी पोलिसांच्या चौकशीला त्याला तोंड द्यावें लागलें. उघड्या जाळ्यावरून परक्यानें कांहीं केलें तरी माग आपल्या दारीं येतो, हें या प्रकरणावरून सर्वांना कळून चुकलें. शिवाय एकत्र कुटुंबांत त्याच जाळ्यावरून कोणाचे बँकेचे व्यवहार चालतात, कोणाची कचेरी, कोणाचा अभ्यास. एकाच्या सोयीसाठीं दहाजणांना उघडें पाडणें हा कोणता न्याय? वेगाचाहि प्रश्न आहेच. २००९ सालीं सिद्ध झालेल्या ‘एन’ प्रमाणापासून पुढचे वाढीव वेग जुन्या कुलुपांबरोबर मिळत नाहींत. त्यामुळें नवीं यंत्रेंहि विनाकारण मंदावतात.

मग जुन्या संगणकाला काय द्यावें? सर्वांत सोपा उपाय म्हणजे वायर. बहुतेक जुन्या यंत्रांना नेटवर्कच्या केबलचें भोंक असतें. केबल राउटरपर्यंत नेली कीं वाय-फायच्या कुलपाचा प्रश्नच उरत नाहीं. राउटर दिवाणखान्यांत आणि संगणक माडीवर असला, तर केबलचें भोंक असलेला वाय-फाय एक्स्टेंडर आणावा. राउटरशीं नव्या कुलपाची भाषा तो बोलतो, आणि जुन्या संगणकाला साधी केबल देतो. संगणकांत कांहींच घालावें लागत नाहीं. यूएसबीला लावण्याचें नवें वाय-फाय कार्डहि मिळतें. परंतु कित्येक नवीं कार्डें जुन्या विंडोजवर चालत नाहींत, म्हणून विकत घेण्यापूर्वीं डब्यावरील यादी वाचून पाहावी.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजीं बंद झाल्या. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदतहि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. दुरुस्त्या न मिळालेलीं यंत्रें कशीं बळी पडतात, हें मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’च्या सांथीनें जगाला दाखविलें; ती एका यंत्रांतून त्याच जाळ्यावरील दुसऱ्या यंत्रांत आपोआप पसरत होती. म्हणून जुन्या संगणकाला घराच्या मुख्य जाळ्यांत घेऊं नये. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठीं वेगळें जाळें काढण्याची सोय असते; वर सांगितलेला एक्स्टेंडर त्या जाळ्याला जोडावा. या संगणकावरून बँकेचे व्यवहार करूं नयेत, आणि त्यांतील कागदपत्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर अवश्य ठेवावी.

आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. त्या यंत्राला इंटरनेट खरोखर हवें आहे काय, हें आधीं त्यावर काम करणाऱ्या वडीलधाऱ्यांनाच विचारावें. जुने लेख वाचणें, टिपणें लिहिणें, छापणें एवढेंच काम असेल, तर तें जाळ्याशिवाय निर्वेध चालतें, आणि पेनड्राइव्ह पुरतो. पण त्यांना तें हवें असेल, तर वरीलपैकीं एका मार्गानें अवश्य करून द्यावें. एका केबलच्या किमतींत घरचें कुलूपहि शाबूत राहतें आणि त्यांचें कामहि अडत नाहीं.